वाशीच्या पैलवानाचं नाव

“नाम बोलो, बाई,” फाटकावरच्या जमादारानं तिसऱ्यांदा विचारलं, आणि तेव्हा कुठं मथुराबाईच्या ध्यानात आलं की आपण सगळं आणलं, नाव घेणारं माणूस तेवढं आणायचं राहिलं. फडक्यात पाच भाकरी होत्या, शेंगदाण्याची चटणी होती, दोन कांदे होते. सकाळी शेजारच्या चाँदपाशा टांगेवाल्यानं दारातूनच सांगितलं होतं की जेलातली एक खेप उद्या पहाटे गुलबर्ग्याला हलवणार आहेत, आणि वहिनी, तुमचं माणूस त्यात आहे. तव्यावरची भाकरी उतरवली न उतरवली तशी ती टांग्यात बसली. फाटकाच्या अलीकडं टांगे अडवत होते, तिथं तो तिला सोडून मोटारस्टँडकडं निघून गेला. त्याला नुसतं थांब म्हटलं असतं तरी थांबला असता. एका दमात नाव सांगून मोकळा झाला असता. पण रस्ताभर तिचं चित्त नुसतं गुलबर्गा या शब्दाला चिकटून होतं. गुलबर्गा किती लांब, तिथं थंडी किती, तिथं कोण आपलं. आता धाराशिवच्या त्या भल्यामोठ्या दरवाज्यासमोर, सत्तेचाळीस सालच्या कार्तिकातल्या कोवळ्या उन्हात ती उभी राहिली, आणि तोंडाला जणू टाके घातलेले.

नाव होतं बलभीम. तुम्हाआम्हाला घ्यायला हरकत नाही, आपण काही त्या घरच्या सुना नव्हे. पण मथुराबाईनं चौदा वर्षांत ते उघड्या तोंडानं एकदाही घेतलं नव्हतं. उखाण्यात घेतलं होतं म्हणा, लग्नाच्या हळदीत एकदा, हळदीकुंकवाला चार-दोनदा. पण उखाण्यातलं नाव म्हणजे मागं-पुढं यमक लावून पदराआडून सोडलेलं, तेही बायकांच्या घोळक्यात, ते स्वतः तिथं नसताना. नुसतं नाव, ज्याचं त्याच्या कानावर पडेल असं, कधीच नाही. आईनं सांगितलं होतं की नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं. किती कमी होतं ते आईनं सांगितलं नाही आणि मथुराबाईनं विचारलं नाही. घरात ‘अहो’ होतं, ‘ऐकलं का’ होतं, आणि ती दारात येऊन नुसत्या बांगड्या वाजवायची तरी ते शिलाई मशीनवरून मान वर करायचे. दोनच माणसांचं घर. मूलबाळ नाही, सासू-सासरे गेलेले. अशा घरात नाव लागतं कशाला?

नाव लागायचं ते बाहेर. आणि तिथंही तिचं कधी अडलं नव्हतं, कारण मुलखात बलभीमांना तोटा नव्हता. त्यातले काही तर असे गाजलेले की नुसती खूण सांगावी, माणसं ओळखायची. वाशीचे पैलवान होते, ज्यांची पाठ कुणी मातीला लावली नव्हती. ईटचे मास्तर होते, ज्यांचं भाषण ऐकायला लोक गाड्या जुंपून जायचे. मुरुमचे अप्पा होते, मोडलेली हाडं बसवणारे. त्यांच्या ओसरीवर पार कानडी मुलखातून माणसं बाजेवर घालून आणायचे. कुणी विचारलं की ती म्हणायची, मुरुमच्या अप्पांचं जे हाय न्हवं, तेच आमच्यांचं. समोरचं माणूस बघून ती बलभीम निवडायची. बायकांना अप्पा, गड्यांना पैलवान, शिकल्यासवरल्यांना मास्तर. खरं सांगायचं तर तिच्या रागालोभावरही ते असायचं. यांनी जेवताना ताट बाजूला सारलं की त्या दिवशी हे पैलवानाच्या नावाचे. आपण आजारी असताना यांनी चहा करून दिला की मग मुरुमच्या अप्पांचे. आणि मनात सारखं चालायचं की एवढाल्या माणसांच्या रांगेत आपलं माणूस पार शेवटी उभं आहे. छातीचा पिंजरा, नाकावर चष्मा, गळ्यात टेप, संध्याकाळी बारीकसा खोकला. तिला कधी हसू यायचं, तर कधी वाईट वाटायचं. त्यांना स्वतःला त्याचं काही नव्हतं. दुकानावर कुणी विचारलं, बलभीम म्हणजे कोणते हो, तर कापडावरची नजर न काढता म्हणायचे, ते तिघं गेल्यावर जो उरला तो.

त्या उरलेल्या माणसाला जेल पाहायला लागावी ही करणी ईटच्या मास्तरांची. निदान मथुराबाई तसं धरून चालली होती. ऐन पावसाळ्यात मास्तर एक गाठोडं घेऊन दुकानात आले. तीन रंगांचं कापड. दिल्लीहून इंग्रज जाणार होता आणि इकडं निजामाच्या राज्यात झेंडा लावायला बंदी होती. मास्तर म्हणाले, आपलं नाव एक, तर काम वाटून घेऊ. लावायचं काम माझं, शिवायचं तुझं. आठ दिवस मागच्या खोलीत बसून यांनी बावीस झेंडे शिवले. कधी सभेला गेले नाहीत, कधी घोषणा दिली नाही, पण त्या आठ दिवसांत मशीनवर बसलेल्या माणसाची पाठ काही वेगळीच दिसत होती, ताठ, पोरगेली. ती चहा ठेवायची आणि ते म्हणायचे, बघ, शिवण दिसती का? दिसत नव्हती. झेंडे लागले, मास्तर पकडले गेले, आणि चार दिवसांनी फौजदारानं दुकानाच्या कोपऱ्यातला केर उपसला तर त्यात तीन रंगांच्या चिंध्या. केर तिनं काढायचा असतो. चिंध्या उशीत भराव्यात म्हणून तिनंच राखून ठेवल्या होत्या. ही गोष्ट तिनं कुणाला सांगितली नव्हती. त्यांनाही नाही. त्यांनी विचारलंही नाही, यात सगळं आलं.

“बाई, आनेवाले के मुँह से नाम होना,” जमादार म्हणाला. भेटायला आलेल्यानंच नाव सांगायचं, असा तिथला कायदा. मुनवर म्हणत त्याला. माणूस वाईट नव्हता, आवाज तेवढा जाड होता. आत टेबलामागं एक म्हातारा मुनशी कैद्यांच्या नावांची बही उघडून बसला होता. मागं आणखी चार माणसं खोळंबली होती. मथुराबाईनं पदर दातांत धरला, सोडला, आणि नेहमीची वाट धरली. “वाशीचे पैलवान हायेत न्हवं,” ती म्हणाली, “त्यांचं...” मुनशीनं मान वर करून तिच्याकडं पाहिलं. पुढचं सगळं, जे नाव तेच आमच्यांचं, बोलायचं राहूनच गेलं. मुनशीनं मान हलवली, बहीवर बोट फिरवलं, काहीतरी लिहिलं, आणि अंगठा दाखव म्हणून खूण केली. तिनं शाईचा अंगठा उठवला. किती समजूतदार माणूस, तिला वाटलं. अर्ध्या शब्दात ओळखलं. एवढं सोपं होतं आणि आपण उगाच घामाघूम झालो.

बाकावर बसून ती काय बोलायचं ते जुळवायला लागली. सांगायचं एकच होतं. भादव्यात ती आली तेव्हा सोबत दीर होते, हिंमतराव. नाव त्यांनीच घेतलं होतं, भावाचं नाव घ्यायला भावाला काय. तेव्हा जाळीमागून हे तिच्याशी बोललेच नाहीत. जे काय बोलले ते हिंमतरावांशी. रझाकारांचा काही भरवसा नाही, तू पोरंबाळं घेऊन बार्शीला जा, हद्दीपलीकडं, आणि हिलाही ने. मग तिच्याकडं न बघता म्हणाले, जाशील न्हवं? भांडायची ती जागा नव्हती, म्हणून तिनं मान हलवली. पण चौथ्या दिवशी हिंमतरावांची गाडी दारात उभी राहिली तेव्हा तिचा पाय उंबऱ्याबाहेर पडेना. मशीन कुणाच्या भरवशावर टाकायचं? यांचा चष्म्याचा डबा खिडकीत होता तो तसाच. जाऊबाई रडल्या, हिंमतराव चिडले, आणि गाडी गेली. तेव्हापासून ती एकटी होती. चाँदपाशाची बायको बेगमबी रोज संध्याकाळी अंथरूण काखेत मारून सोबतीला यायची. दिवसा मथुराबाई यांच्या मशीनवर बसून परकर, झबली, शेजारणींचे बुरखे शिवायची. आधी सुई मोडायची, आता मोडत नव्हती. हे त्यांना काहीच माहीत नव्हतं. ते गुलबर्ग्याला जाणार ते आपली बायको बार्शीत आहे असं धरून. उद्या सुटले की सरळ बार्शीला जातील आणि तिथं ती नसेल. पण खरं सलत होतं ते वेगळंच. आपण मान हलवली आणि गेलो, हे त्यांना खरं वाटलं, याचंच तिला वाईट वाटत होतं. ते तिकडं निर्धास्त असतील. आपण सांगितलं की त्यांच्या जिवाला घोर लागेल. मग सांगायचं कशाला? आपल्या समाधानासाठी माणसाची झोप घालवायची? तिनं पुष्कळ वेळ मनाला दटावून पाहिलं. मन ऐकेना. लागू दे घोर, तिनं ठरवलं, पण मी इथं आहे हे त्यांना कळू दे.

जाळीमागं माणूस आलं, उंच, हाडापेरानं रुंद, अंगावरचं मांस मात्र उतरलेलं. कानांच्या पाळ्या चुरगळलेल्या. तो लगबगीनं आला होता, बहुतेक आई आली असेल या आशेनं, आणि परकी बाई पाहून जागीच थबकला. मथुराबाईनं पदर पुढं ओढला. चौदा वर्षं ज्या माणसाच्या नावाआड आपल्या नवऱ्याचं नाव तिनं लपवलं होतं, तो माणूस समोर उभा होता, तोही इथं आत आहे हे तिला ठाऊकच नव्हतं, आणि त्याच्या सदऱ्याच्या खांद्यावर ठिगळ होतं. ठिगळाची शिवण दिसत नव्हती. तिनं ती ओळखली आणि तिच्या डोळ्यांना धार लागली.

तिची नजर ठिगळावर खिळलेली पाहून पैलवानानं खालच्या आवाजात विचारलं, तुमी शिंप्याच्या घरच्या काय? तिनं मान हलवली. मग काय घडलं ते त्यालाही उमगलं आणि तो बिचारा तिच्याहून जास्त ओशाळला, आपण कुणाच्या तोंडचा घास पळवावा तसा. त्यानं सगळं सांगितलं. आत सगळे बलभीम एकाच बराकीत झोपतात, कारण वॉर्डरनं नाव पुकारलं की सगळे मिळून ओ देतात, तर निदान एकाच जागी असलेले बरे. शिंपी बरे आहेत. खोकला आहे, पण रक्तबिक्त नाही. कुणाकुणाचे फाटके कपडे मागून घेतात आणि शिवत बसतात. उद्याच्या खेपेत आम्ही तिघं आहोत, ते, मास्तर आणि मी. आणि शिंपी रोज एकदा तरी म्हणतात, आमची बार्शीला सुखरूप हाय, तेवढ्या बाबतीत माझं नशीब चांगलं.

तिनं कसंबसं सांगितलं की मी गेलेच नाही, एवढं त्यांना सांगा. पैलवानानं जाळीला कपाळ टेकलं. मग म्हणाला, “सांगीन की. पर माझ्या तोंडून त्येला खरं वाटायचं न्हाय, बाई. हितं समदे एकमेकाला बरंवाईट झाकून खोटंच सांगत्यात. परवा म्या एका म्हाताऱ्याला सांगितलं, तुजा नातू फाटकापाशी येऊन गेला म्हनून. कुठला नातू अन् कुठलं काय. तुमचा आवाजच त्येच्या कानावर पडाय पायजे.” आणि त्यानं तिला वाट सांगितली. दुपारची भाकरी झाली की मागच्या अंगाला हौदावर भांडी धुवायला सोडतात. भिंत उंच आहे, पण बाहेर बाभळीपाशी उभं राहून हाक मारली की आत ऐकू येतं. कुणीकुणी मारतं. “पर नावानं मारा,” तो म्हणाला. “अहो म्हनून हाक मारली तर साठ गडी वळून बघतील. समद्यांच्याच बायका अहो म्हनत्यात.”

भाकरीचं फडकं तिनं त्याच्याकडं दिलं. वेळ संपली. मुनवरला तिनं गाठून चूक सांगितली. तो मुनशीकडं गेला आणि परत आला. मुनशीचं म्हणणं, महिन्याला एक मुलाकात, ती झाली, अंगठा उठला, बहीत खाडाखोड चालत नाही. हे सांगताना मुनवर जमिनीकडं बघत होता. मग काहीतरी सांगायला हवं म्हणून की काय, म्हणाला की आमच्या बिस्मिल्लाबीनंही बावीस वर्षांत माझं नाव घेतलेलं नाही, मी मेलो तर मौलवीला काय सांगेल कोण जाणे. आणि मग सहज बोलावं तसं सांगितलं, माझी आता जेवायची वेळ झाली, अन् जेवताना मला मागच्या भिंतीकडचं काही ऐकू येत नाही.

बाभळीच्या सावलीत ती उभी राहिली. पलीकडून पाण्याचा, भांड्यांचा, माणसांच्या बोलण्याचा कालवा येत होता. त्यात एक आवाज यांचा असेल, पण घोळक्यात बोलायची त्यांना सवय नव्हती. आपल्याला आत्ताच घाई केली पाहिजे हे तिला कळत होतं आणि ती मात्र पदराचं टोक पिळत उभी होती. तिला धुरपदाबाई मावशी दिसायला लागली. खळ्यात बैल उधळला होता, काकांची पाठ बैलाकडं होती, आणि मावशीनं जन्मात पहिल्यांदा त्यांचं नाव घेऊन हाक मारली. काका वळले. पण बैलाकडं नाही वळले, मावशीकडं वळले. बैलानं शिंगावर घेतलं, आठव्या दिवशी गेले. आई हीच गोष्ट सांगून म्हणायची, बघ, घेतलं नाव. लहानपणी मथुराबाईला ते पटलं होतं, आजही निम्मं पटत होतं. पण मावशी स्वतः म्हातारपणी काय सांगायची ते आई कधी सांगत नसे. मावशी म्हणायची, त्यांच्या तोंडावर भीती नव्हती गं. नुसतं नवल होतं. इतकं नवल मी कुणाच्या तोंडावर पाहिलं नाही. मथुराबाईनं डोळे मिटले. आयुष्य कमी होतं तर किती होतं? एक दिवस? एक वर्ष? गुलबर्ग्यात माणूस किती जगतं, ते कुणाला ठाऊक आहे? आणि समजा, नाव घेतलं तरी त्यांना कळणार कसं? आपल्या आवाजात स्वतःचं नाव त्यांनी कधी ऐकलेलंच नाही. दुसऱ्याच कुणा बलभीमाची बायको असेल म्हणून ते भांडं विसळत बसतील. हे मनात आलं आणि तिला एकाएकी इतकं एकटं वाटलं की भीती बाजूलाच राहिली. माझा आवाज त्यांना ओळखू येऊ नये, असं कसं होईल?

तिनं पदर डोईवरून खाली येऊ दिला, भिंतीला हात टेकला आणि हाक मारली. “बलभीम!”

आवाज फाटका निघाला, आपला वाटेना. पलीकडचा कालवा थांबला. मग एक खणखणीत ओ आली. ती मास्तरांची असणार, भाषणं करून कमावलेली. तिच्या मागोमाग दुसरी आली, म्हाताऱ्या, बसक्या गळ्याची. असाही एक बलभीम होता तर, जो तिच्या मोजदादीत कधीच नव्हता. पैलवान गप्प होता, त्याला माहीत होतं. आणि ज्यांना मारली ते काहीच बोलत नव्हते. हौदात पाणी पडत राहिलं. झालं, तिला वाटलं, घेतलं आपण नाव, आणि काही उपयोग झाला नाही. तिनं दुसऱ्यांदा तोंड उघडलं, पण ओठच हलले.

मग खोकला ऐकू आला. बारीकसा, संध्याकाळचा, आज दुपारीच आलेला.

“अगं,” भिंतीपलीकडून आवाज आला, हळू, ओरडल्यासारखा आणि कुजबुजल्यासारखाही एकाच वेळी, “नाव काय घेतीस?”

मथुराबाई भिंतीला कपाळ टेकून रडायला लागली, आणि रडता रडता बोलायला लागली. म्हणाली, मी हितंच हाय. बार्शीला गेले न्हाय. गाडी दारात आली होती पर म्या बसले न्हाय. मशीन मीच चालवते, दोन सुया मोडल्या, आता मोडत न्हाईत. चिंध्या म्याच ठेवल्या होत्या केरात, उशीसाठी. सुटला की घरी या, दुसरीकडं कुठं जाऊ नका, मी घरीच हाय. सगळं एका दमात, अख्ख्या हौदाला ऐकू जाईल असं. पलीकडून एक अक्षर आलं नाही. तिला वाटलं, रागावले. घोर लागला त्यांना. आता रात्रभर डोळ्याला डोळा लागायचा नाही, आणि हे सगळं आपण केलं.

कुठं तरी शिट्टी वाजली. भांडी उचलल्याचा आवाज व्हायला लागला.

“मथुरा,” ते म्हणाले. त्यांनीही तिला कधी नावानं हाक मारली नव्हती. “आनखी एकदा घे.”

तिनं डोळे पुसले, आणि या वेळी नीट, घरातल्या घरात बोलवावं तशा आवाजात नाव घेतलं.

मास्तर गप्प राहिले. म्हातारा गप्प राहिला. ओ एकट्यानंच दिली.